पाकळी, वारूळ आणि जाळी : ‘पॅरामेट्रिक डिझाइन’ आपल्या घरापर्यंत कसं पोहोचतं?

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार. कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात एखाद्या नव्या घरी जा. आयुष्यभराची कमाई घालून बांधलेलं स्लॅबचं घर असतं, टाइल्स चकचकीत असतात, पण आत बसवत नाही. पंखा फिरतो तो गरम हवाच अंगावर फेकतो. घरातली मंडळी बाहेर लिंबाच्या सावलीत बाज टाकून बसलेली असतात आणि दादी हमखास म्हणते, “आपलं जुनं माळवदाचं घर बरं होतं.”

आता दुसरं चित्र. याच महाराष्ट्रात, नवी मुंबईत, कमळाच्या आकाराचं विमानतळ उभं राहिलं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचं उद्घाटन झालं. त्याचे फोटो आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिले. बातम्यांमध्ये एक शब्द वारंवार आला : पॅरामेट्रिक डिझाइन. निसर्गातून घेतलेला आकार, संगणकावर रचलेली इमारत वगैरे.

पिशोरच्या तापलेल्या घराचा आणि या कमळाचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. आम्हाला वाटतं, संबंध आहे आणि तो जवळचा आहे. एवढंच नव्हे, तर ही विद्या आपल्या जुन्या उस्ताद कारागिरांच्या घरची आहे. ती कशी, ते आज समजून घेऊ.

पॅरामेट्रिक म्हणजे काय?

शब्दाला घाबरू नका. आपल्या गावातला टेलर मास्तर आठवा. तो शेरवानी शिवायला घेतो तेव्हा आधी छाती, खांदा, बाही, उंची ही मापं घेतो. छातीचं माप दोन इंचांनी वाढलं, तर त्याला फक्त एकच तुकडा मोठा कापून चालत नाही. मुंढा बदलतो, गळा बदलतो, बटणांमधलं अंतर बदलतं. एक माप हललं की त्याला बांधलेली बाकीची मापंही हलतात. मास्तरच्या डोक्यात शेरवानीचा एक ठरलेला आकार नसतो. आकार कसा काढायचा याचे नियम असतात.

पॅरामेट्रिक डिझाइन म्हणजे हेच, फक्त कापडाऐवजी इमारत. पॅरामीटर म्हणजे बदलू शकणारं माप. ऊन कुठून येतं, वारा कुठून वाहतो, छतावर भार किती, माणसं किती, खर्च किती, ही सगळी मापं. आर्किटेक्ट भिंतीची रेघ थेट ओढत नाही. तो आधी नियम लिहितो : ऊन जास्त तिथे भोक लहान, भार जास्त तिथे खांब जाड. मग संगणकावर एक आकडा बदलला की सगळी इमारत त्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेते. यासाठी ‘राइनो’ आणि ‘ग्रासहॉपर’ नावाची सॉफ्टवेअर जगभर वापरली जातात.

म्हणजे वेडीवाकडी, वळणदार इमारत दिसली की ती पॅरामेट्रिक, असं नाही. साधी चौकोनी खोलीसुद्धा पॅरामेट्रिक असू शकते, जर तिची प्रत्येक खिडकी ऊन-वाऱ्याच्या नियमाने ठरली असेल.

यात निसर्ग कुठून आला?

निसर्ग आकार असाच काढतो. आपल्या शेतातच बघा. विहिरीवरच्या झाडाला सुगरण पक्ष्याचे खोपे लोंबत असतात. ते बऱ्याचदा झाडाच्या पूर्व बाजूला दिसतात, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि पूर्वेला आडोसा मिळतो. खोप्याचं तोंड खाली, नळीसारखं. त्यामुळे पाऊस आत जात नाही आणि सापालाही सहज शिरता येत नाही. पक्ष्याने कुठला नकाशा पाहिलेला नसतो. वारा, पाऊस, शत्रू आणि गवताच्या काडीची ताकद, या चार गोष्टींनी घर घडवलं.

मधाचं पोळं घ्या. ज्या मधमाशीच्या नावाने कुरआनात एक सूरह आहे, तिच्या पोळ्याची घरं षटकोनी असतात. सारख्या आकाराची घरं करून जागा भरायची आणि भिंतींना मेण कमीत कमी लागलं पाहिजे, तर षटकोनच सर्वांत किफायतशीर ठरतो. गणितज्ञांना हे पूर्ण सिद्ध करायला १९९९ साल उजाडलं. थॉमस हेल्स या अमेरिकी गणितज्ञाने ती सिद्धता मांडली.

आणि बांधावरचं वारूळ? झिम्बाब्वेच्या हरारे शहरात १९९६ साली ‘ईस्टगेट सेंटर’ नावाची दुकानं आणि कार्यालयांची मोठी इमारत झाली. तिचे आर्किटेक्ट मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून कल्पना घेतली. रात्रीची थंड हवा जाड काँक्रीटमध्ये साठवायची, दिवसा ती आत खेळवायची आणि गरम हवा वरच्या धुराड्यांतून बाहेर सोडायची. नेहमीची मोठी एसी यंत्रणा न बसवता ही इमारत चालते. पुढे संशोधकांनी दाखवलं, की खरं वारूळ धुराड्यापेक्षा फुप्फुसासारखं काम करतं. म्हणजे निसर्ग समजण्यात थोडी चूक झाली होती, तरी त्यातून घेतलेला धडा उपयोगी पडला.

आता एक प्रयोग घरीच करून बघा. सोन्याची नको, साधी साखळी घ्या. तिची दोन टोकं दोन हातांत धरून ती मधे लोंबू द्या. मोबाइलने फोटो काढा आणि फोटो उलटा करा. काय दिसलं? कमान! लोंबताना साखळीत फक्त ताण असतो, तीच उलटी केली की फक्त दाब. दगड आणि विटा दाब उत्तम सोसतात, त्यामुळे या आकाराची कमान कमी साहित्यात टिकते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी हे १६७५ साली सांगून ठेवलं होतं. स्पेनच्या बार्सिलोनातले आर्किटेक्ट अंतोनी गाउदी यांनी अशाच दोऱ्या लोंबत्या ठेवून, त्यांना छोट्या थैल्यांची वजनं बांधून चर्चचे आराखडे काढले. एक थैली सरकवली की सगळ्या दोऱ्या आपली जागा बदलत. संगणक येण्याआधीचं हे पॅरामेट्रिक डिझाइनच.

बगदादची लेक आणि नवी मुंबईचं कमळ

नवी मुंबईच्या विमानतळाचा आराखडा लंडनच्या ‘झाहा हदीद आर्किटेक्ट्स’ या संस्थेचा आहे. संस्थापक झाहा हदीद यांचा जन्म १९५० साली बगदादमध्ये, एका मुस्लिम घरात झाला. बैरूतमध्ये त्या गणित शिकल्या आणि मग लंडनला जाऊन वास्तुकलेकडे वळल्या. २००४ साली त्यांना प्रित्झकर पारितोषिक मिळालं. वास्तुकलेतला हा सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. २०१६ मध्ये त्यांचं निधन झालं, पण त्यांच्या संस्थेचं काम चालू राहिलं. ‘पॅरामेट्रिसिझम’ हा शब्दही याच संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्याने, पॅट्रिक शूमाखर यांनी, २००८ मध्ये रूढ केला.

या टर्मिनलचं छत तोलायला पाकळ्यांसारखे उमलत जाणारे १२ खांब आणि १७ महाकाय खांब आहेत. खांब वर जाताना फाकत जातो तेव्हा तो छताला एका बिंदूवर न पेलता मोठ्या भागावर आधार देतो. वडाच्या खोडातून फांद्या फुटतात आणि त्या पानांचा सगळा पसारा पेलतात, तसंच. त्यामुळे खाली खांबांची गर्दी कमी होते आणि प्रवाशांना मोकळी जागा मिळते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या टी-२ टर्मिनलमध्येही वर पसरत जाणारे ३० खांब आहेत. तिथे प्रेरणा मोराच्या पिसाऱ्याची. उमरा-हजला जाताना किंवा आखातात कामाला जाणाऱ्या भावाला सोडायला गेलेल्या अनेकांनी ते पाहिले असतील.

उस्तादांनी दोरी-परकाराने केलेलं काम

आता जरा मागे जाऊ. समरकंदमध्ये काम करणारे गणितज्ञ जमशेद अल-काशी यांनी १४२७ साली ‘मिफ्ताह अल-हिसाब’ हा अंकगणिताचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात एक भाग मुकर्नसवर आहे. मुकर्नस म्हणजे मोठ्या कमानीच्या किंवा घुमटाच्या आतल्या बाजूला पोळ्यासारखे एकावर एक पुढे येणारे कोनाडे. दिसायला ते फार गुंतागुंतीचे असतात. अल-काशींनी त्यांचे चार प्रकार पाडले आणि एकाच मूळ मापावरून सगळ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ कसं काढायचं ते सांगितलं. म्हणजे कारागिराला चुना आणि टाइल्स किती लागतील, याचा हिशेब आधीच करता येईल. एक माप आणि त्याला बांधलेलं बाकी सगळं. आपला टेलर मास्तर पुन्हा आठवला ना?

विजापूरचा गोल घुमट घ्या. मोहम्मद आदिलशाह यांचा हा मकबरा सतराव्या शतकातला. खाली खोली चौकोनी आणि वर घुमट गोल, तोही बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा. मधे एकही खांब नाही. चौकोनावर गोल बसवायचा कसा? उस्तादांनी एक चौकोन घेतला, तसाच दुसरा ४५ अंशांत फिरवून त्यावर ठेवला. त्या रेषांवर आठ कमानी एकमेकींना छेदत उभ्या केल्या आणि त्यांनी चौकोनाला हळूहळू गोलाकडे नेलं. नियम एका ओळीत सांगता येतो, पण त्यातून उभं राहिलं ते पाहून आजही मान वर करून माणूस थांबतो.

आपल्या जिल्ह्यातही हे दिसतं. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिलरस बानो बेगम यांच्या कबरीभोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन आहे. ही इमारत रचणारे अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय, दोघांचीही नावं नोंदलेली आहेत. अताउल्लाह हे ताजमहालचे मुख्य रचनाकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे पुत्र. ताजची तुलना करून मकबऱ्याला कमी लेखणारे पुष्कळ भेटतात. आम्ही एवढंच म्हणू : पुढच्या वेळी गेलात तर जाळीजवळ पाच मिनिटं थांबा आणि एक छोटा नमुना पुन्हापुन्हा जोडून सगळी जाळी कशी भरली आहे, ते मुलांना दाखवा.

तिथून पाणचक्की लांब नाही. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून केवळ उताराच्या आणि दाबाच्या जोरावर तिथे आणलं. त्याच पाण्याने चक्की फिरायची. त्याहून मोठी गंमत हौदाची आहे. हौदाचा तळ हेच खालच्या प्रशस्त दालनाचं छत आहे. डोक्यावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही दालन थंड राहतं. एकाच पाण्याला तीन कामं दिली : तहान भागवणं, पीठ दळणं, गारवा देणं.

जाळीचं साधं गणित

जाळी नुसती शोभेची नसते. एक नियम लक्षात ठेवा. जाळीच्या भोकाची उंची जितकी, तितकीच जाळीची जाडी ठेवली, तर ४५ अंशांपेक्षा वर असलेल्या सूर्याचं थेट ऊन त्यातून आत येत नाही. प्रकाश येतो, वारा येतो, ऊन नाही. आणि घरातल्या बायकांना बाहेरचं दिसतं, पण बाहेरून आतलं दिसत नाही.

हीच जाळी आता आखातात नव्या रूपात परतली आहे. अबुधाबीच्या ‘अल बहर टॉवर्स’ या २०१२ मध्ये पूर्ण झालेल्या जोड इमारतींवर, दोन्हींना प्रत्येकी हजाराहून जास्त छत्र्या आहेत. अरबी मश्रबिया जाळीवरून त्या घेतल्या. ऊन समोर आलं की छत्री उघडते, ऊन सरकलं की मिटते, फुलासारखी. तिथल्याच ‘लूव्र अबुधाबी’ संग्रहालयाचा घुमट १८० मीटर व्यासाचा आहे. त्यात ७,८५० तारे आठ थरांत एकावर एक रचले आहेत. खजुराच्या झावळ्यांतून झिरपावं तसं ऊन कवडशांनी खाली येतं. आपल्या भागातली जी मुलं तिकडे कामाला आहेत, त्यांनी सुटीत जरूर बघावं.

पण जुनं सगळं सोनं नव्हे

इथे थांबून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दादीचं माळवदाचं घर थंड होतं हे खरं. मातीचा जाड थर दुपारचं ऊन आत पोहोचायला संध्याकाळ करतो. याउलट चार-पाच इंचांचा स्लॅब दुपारीच तापतो आणि रात्री तीच उष्णता आत सोडतो. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मराठवाडा विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यातली बरीच जण दगड-मातीच्या भिंती आणि वजनदार छपराखाली झोपेतच गाडली गेली.

म्हणजे त्या घरांनी उन्हाचा नियम पाळला होता, धक्क्याचा पाळला नव्हता. आजच्या स्लॅबच्या घराने, सळई नीट बांधली असेल तर, धक्क्याचा नियम पाळला, पण उन्हाचा सोडला. पॅरामेट्रिक विचार म्हणतो, सगळे नियम एकाच वेळी पाळा. ऊनही, वाराही, वजनही, खर्चही. संगणकाचा खरा उपयोग तेवढाच. माणूस एका वेळी दोन-तीन गोष्टी सांभाळतो, संगणक शेकडो सांभाळतो.

पिशोरच्या घरासाठी चार नियम

चार खोल्यांच्या घराला सॉफ्टवेअरची गरज नाही. वही-पेन्सिल पुरते. पिशोर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यावरून हा हिशेब :

पहिला, दक्षिणेची खिडकी. एप्रिलमध्ये भर दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, सुमारे ८० अंशांवर असतो. २ फुटांचा छज्जा तेव्हा ४ फुटांच्या खिडकीला पूर्ण सावली देतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलून ४६ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा तोच छज्जा वरची दोनच फूट झाकतो आणि खालून उबदार ऊन आत येतं. छज्जा हलत नाही, तरी ऋतूप्रमाणे काम बदलतो.

दुसरा, पश्चिमेची भिंत. उन्हाळ्यात साडेचार-पाचला सूर्य पश्चिमेला खाली उतरून ३० अंशांवर येतो. तिथे २ फुटांचा छज्जा जेमतेम सव्वा फूट सावली देतो. म्हणून पश्चिमेला मोठी खिडकी नकोच. हवी तर जाळी किंवा समोर लिंबाचं झाड. जिना, मोरी, कोठी या खोल्या त्या बाजूला घ्या, म्हणजे झोपायची खोली वाचते.

तिसरा, गरम हवेला वाट. गरम हवा वर जाते. छताजवळ झरोका नसेल तर ती तिथेच कोंडते. एका बाजूला खाली खिडकी आणि समोरच्या भिंतीत वर झरोका, एवढं केलं तरी फरक कळतो.

चौथा, स्लॅबचा वरचा रंग. काळपट गच्ची ऊन पिते, पांढरी परत फेकते. उन्हाळ्याआधी गच्चीवर चुन्याचा हात मारणं हा सर्वांत स्वस्त उपाय. मात्र स्लॅबवर मातीचा भारी थर टाकायचा विचार असेल, तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय टाकू नका. वजनाचा नियम विसरायचा नाही.

नक्षी आहे, पण काम?

हल्ली दुकानांच्या आणि बंगल्यांच्या दर्शनी भागावर जाळीसारखे कापलेले पत्र्याचे पॅनल दिसतात. ‘पॅरामेट्रिक लुक’ म्हणून ते विकलेही जातात. मागे मात्र बंद भिंत असते. ना हवा, ना सावली. पैसे असतील तर हौस जरूर करा, पण तिला पॅरामेट्रिक म्हणू नका.

हेच मशिदींच्या नव्या बांधकामालाही लागू आहे. आपल्याकडून किब्ला जवळपास पश्चिमेला येतो. म्हणून मेहराबची भिंत पश्चिमेची, आणि असरच्या वेळी तापणारी भिंतही तीच. जुन्या मशिदींत ही भिंत जाड आणि बहुतेक बंद, तर पूर्वेला सहन मोकळं असतं. इबादतीची दिशा आणि उन्हाची दिशा दोन्ही एकाच भिंतीने सांभाळल्या. नवं काम करताना त्याच बाजूला काचा लावल्या, तर पुढे एसीचं बिल चंद्याच्या पैशांतून भरावं लागतं. कमिटीने आराखडा मंजूर करण्याआधी एवढा प्रश्न जरूर विचारावा.

घरातल्या मुलामुलींसाठी

ज्या मुलीला मेंदीची नक्षी न चुकता दोन्ही हातांवर सारखी काढता येते आणि जिला गणिताची भीती नाही, तिला हे क्षेत्र सांगून बघा. बी.आर्क. हा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं आणि ‘नाटा’सारखी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दहावीनंतर विषय निवडतानाच हे ठरवलेलं बरं, कारण गणित एकदा सोडलं की ही वाट बंद होते. आणि जो मुलगा वडिलांबरोबर फरशी, सेंटरिंग किंवा फॅब्रिकेशनचं काम करतो, त्याने संगणकावर आराखडा वाचायला आणि काढायला शिकून घ्यावं. हातात कसब आहेच, त्याला मापाची भाषा जोडली की मजुरीचा भाव बदलतो.

घर आपण एकदाच बांधतो. मिस्त्रीला पहिल्या दिवशी आपण विचारतो, “किती ब्रास वाळू लागेल?” त्याच्याच जोडीला आणखी एक विचारा, “दुपारी चार वाजता ऊन कुठल्या भिंतीवर येईल?” पाया खोदण्याआधी एक दिवस प्लॉटवर काठी रोवून, सकाळपासून मगरिबपर्यंत तिची सावली खडूने आखून ठेवा. त्या रेघांवरून खिडक्या ठरल्या, तर पुढच्या मे महिन्यात दादीची बाज घरातच राहील.